दार कोणासाठी उघडे?
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला विषय दिला होता 'विहाराची वाटचाल'. पण ती वाटचाल आमच्याआधी दोघांनी सांगितली. जागा कशी मिळाली, विटा कोणी दिल्या, हंगामात घरटी पायली-पायली धान गोळा करून स्लॅब कसा पडला, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे. आम्ही आज चर्चबद्दल बोलणार आहोत. हसू नका. विहारात चर्चचे काय काम, असे मागच्या रांगेत आत्ताच कोणी तरी कुजबुजले, ते आम्हाला ऐकू आले.

काम आहे. आणि ते आपल्याच वस्तीतून निघालेले आहे.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मोहल्ल्यातील एक बाई, नाव घेत नाही, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, त्यात तिची पाळी असायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. तिचा मुलगा आजारी पडला. नागपूरला दवाखान्यात महिना-दीड महिना खाटेशेजारी बसून काढला. तिथे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकांनी तिच्या मुलासाठी प्रार्थना केली, डबा दिला, रात्री जागले. पोरगा घरी आला. त्यानंतर ती कधीमधी रविवारी त्या लोकांच्या प्रार्थनेला जाऊ लागली. चोरून नाही, सांगून.

झाले! पुढच्या वर्षावासात तिची पाळी आली तेव्हा एकाने सर्वांसमक्ष म्हटले, "तुमचं आता तिकडं जमलं न बाई, मंग इकडं कायले?" ती म्हणाली, "मी बाबासाहेब सोडले नाई. जिथं दोन शब्द धीराचे भेटले तिथं गेली." कोणी काही बोलले नाही. तिने ग्रंथ पाटावर ठेवला आणि निघून गेली. आम्ही त्या वेळी समितीत होतो. आम्ही सतरंजीकडे पाहत बसलो.

गोष्ट इथे संपत नाही. तिकडे प्रार्थना घेणाऱ्यांनीही तिला सांगितले की, बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर भिंतीवरचे दोन्ही फोटो उतरवा. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. तिने उतरवले नाहीत. म्हणजे इकडचे म्हणतात तू तिकडची आणि तिकडचे म्हणतात तू इकडची. बाई मधल्या मध्ये.

तेव्हापासून आमच्या डोक्यात हा किडा वळवळतो आहे की, धर्म ज्याने त्याने मनाने घ्यायचा, तर त्या धर्माच्या घरात गेल्यावर मनाचे काय होते? ते दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचे काय? आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदात 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' हा शब्द आधी येतो आणि धर्म पाळण्याचा, त्याचा प्रचार करण्याचा अधिकार त्यानंतर येतो. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. चर्चमध्ये या प्रश्नावर मोठमोठी भांडणे झाली आणि त्यातली काही आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांनी केली. ती भांडणे आपण समजून घेतली तर आपल्याला आपलेही तोंड आरशात दिसेल, म्हणून हा विषय.

सुरुवात थोडी लांबून, पण जोडलेली आहे आपल्याच भागाशी. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, काहींची मुले तिथे शिकली. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांना पाठवले होते स्कॉटलंडच्या 'फ्री चर्च'ने. हे फ्री चर्च कुठून आले? तर १८४३ च्या मे महिन्यात एडिनबरो शहरात तिथल्या सरकारमान्य चर्चमधून साडेचारशेच्या वर पाळक उठून बाहेर पडले. भांडण असे होते की, गावातल्या चर्चवर पाळक कोण नेमायचा हा हक्क तिथल्या जमीनदाराकडे असे. गावाला नको असला तरी जमीनदाराचा माणूस गावाच्या बोकांडी. आपल्याकडे मालगुजारी होती, तेव्हा हे काय प्रकरण असते ते आपल्या आजोबांना सांगावे लागले नसते. त्या पाळकांनी पगार सोडला, राहती घरे सोडली, चर्चच्या इमारती सोडल्या आणि उघड्यावर प्रार्थना सुरू केल्या. मनाविरुद्धचे मानणार नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी. त्याच स्कॉटिश मिशनने पुढे आपल्या भंडाऱ्यातही दवाखाना चालवला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात जे चर्च आले तेच मुळात चर्चमधल्या बंडातून जन्मलेले होते. हे तिथे जाणाऱ्यांनाही फारसे माहीत नसते. जसे आपल्याला आपले पुष्कळ माहीत नसते.

आता पंडिता रमाबाई. यांच्याबद्दल आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत, कारण हा प्रश्न त्यांच्याइतका कोणी सोसला नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करणारा माणूस. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी देश हिंडली, कलकत्त्याला पंडितांनी 'पंडिता', 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. लग्न केले ते जातीबाहेर, एका ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी. दोन वर्षांत तो कॉलऱ्याने गेला. पदरात लहान मुलगी मनोरमा. ती घेऊन ही बाई पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली इंग्लंडला गेली. तिथे वॉन्टेज गावात जोगिणींच्या मठात राहिली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? धर्मशास्त्रे तिने स्वतः वाचली होती. बाई आणि शूद्र यांना त्यात काय जागा आहे ते तिला कोणी सांगायला नको होते. लंडनमध्ये त्या मठाच्या जोगिणी वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायांची सेवा करताना तिने पाहिल्या. अशा बायांना आपल्याकडे कोणी हात धरून उठवत नाही, हे तिच्या मनाला लागले.

पुण्यात गदारोळ झाला. ब्राह्मणाची विद्वान विधवा किरिस्ताव झाली! त्या वेळी तिच्या बाजूने लेखणी उचलणारे कोण, तर आपले जोतीराव फुले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' काढले, त्यात रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन आहे. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. पण जिला जे पटले ते तिने केले आणि का केले याचे कारण तुमच्या शास्त्रांतच शोधा, हे त्यांचे म्हणणे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण रमाबाई म्हटले की आपल्यातले काही जण 'ती ब्राह्मणांची भानगड' म्हणून पान उलटतात. जोतीरावांनी पान उलटले नव्हते.

पण खरी गंमत पुढे आहे. बाप्तिस्मा झाला आणि चर्चने विचारायला सुरुवात केली की, अमुक मानतेस काय? तमुक मानतेस काय? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मिळून एक देव, हे त्र्यैक्य म्हणतात ते चर्चच्या श्रद्धेचे मूळ. रमाबाई म्हणाल्या, हे मला अजून पटलेले नाही, पटले तर मानीन. मठातली सिस्टर जेराल्डिन तिची धर्ममाता होती. तिने समजावले, रागावली, हा तुझा अहंकार आहे असे लिहिले. रमाबाईंनी उत्तरे लिहिली. ती सगळी पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापली आहेत, इंग्रजीत आहेत. आपल्या कॉलेजच्या मुलामुलींनी ती अवश्य वाचावीत. त्यांचा आशय थोडक्यात असा की, आमच्याकडच्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, ते काय तुमच्या पुरोहितांचे जोखड ठेवून घेण्यासाठी? मला बुद्धी आहे, मला मन आहे, देवाने ते दिले आहे तर ते वापरण्यासाठी दिले आहे.

भांडणे किती बारीक गोष्टींवरून झाली ते बघा. रमाबाई शाकाहारी. अंडे घातलेला गोड पदार्थ खात नसत. जोगिणींना वाटे, ही अजून जात धरून बसली आहे. क्रुसावर लॅटिन भाषेतली अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिनच का? आमच्या लोकांना न कळणारी भाषा देवाच्या जवळची आणि आमची संस्कृत लांबची, असे काही आहे काय? (आपण म्हणू, संस्कृत तरी आपल्याला कुठे कळू दिली होती! पण मुद्दा समजण्यासारखा आहे.) पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तरुण पुरुषांनाही त्यांनी शिकवावे असे निघाले, तर हिंदुस्थानातले बिशप आडवे आले. म्हणे, बाईने पुरुषांना शिकवले तर तिकडे तिचे नाव खराब होईल. रमाबाईंना याचा फार संताप आला. ज्या देशात बायांना दाबतात म्हणून मी ओरडते, त्याच देशाची रीत पुढे करून तुम्ही मला दाबता! आणि मनोरमेला कोणती शिकवण द्यायची हे आई ठरवील, मठ नव्हे, यावरही त्या अडून बसल्या.

आता यात विचार करण्यासारखे काय आहे? रमाबाईंना चर्च सोडता आले असते. परत हिंदू होता आले असते, पुण्यात सत्कार झाला असता. त्यांनी दोन्ही केले नाही. आत राहिल्या आणि मान वाकवली नाही. मी ख्रिस्ताच्या चर्चमध्ये आले आहे, तुमच्या एका पंथाच्या कार्यालयात नाव नोंदवायला आले नाही, असा त्यांचा पवित्रा. आमच्या मते बाहेर राहून टीका करणे सोपे, निघून जाणेही सोपे. आत राहून 'हे मला पटत नाही' म्हणणे फार अवघड. त्याला छाती लागते.

पण बंधूंनो, आम्ही इथे रमाबाईंची आरती ओवाळायला उभे नाही. त्यांचीही एक बाजू तपासली पाहिजे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी पुण्यात नेले. तिथे धर्माचा प्रचार होणार नाही असे वचन होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला ओढत नाही, येणाऱ्याला हाकलणार नाही. यात त्यांची बाजू खरी वाटते. परंतु पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या आणि उपाशी, बेवारस मुली घेऊन केडगावला गेल्या. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. त्या मुली जगल्या, शिकल्या, हाताला काम मिळाले. हे उपकार लहान नाहीत. तरी जिच्या पोटात दोन दिवस अन्न नाही, ती दहा वर्षांची पोर अन्न देणाऱ्याच्या देवाला 'नाही' म्हणू शकते काय? स्वतःच्या मनासाठी बिशपांशी भांडलेल्या बाईने या मुलींच्या मनाचा तेवढा विचार केला काय? आमच्या मनात ही शंका राहते. ती आम्ही लपवत नाही.

आता दुसरी गोष्ट, ती तर आपल्या वरठीवरून गेली आहे. १८९३ साली एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाला. ती गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया अशीच जाणार, दुसरा मार्ग नाही. डब्यात त्याला एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या आणि त्याने कवीला 'नवा करार' वाचायला दिला. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. दोन वर्षे वाचन, विचार, तळमळ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून जास्त काम केले, मुख्यतः अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. 'ज्ञानोदय'चे मराठी संपादन केले. अभंग रचले, कीर्तने केली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. पण मिशनमध्ये राहून त्यांना हळूहळू दिसू लागले की, येशूपेक्षा मिशनच मोठे झाले आहे. पैसा परक्यांचा, हुकूम परक्यांचा, पद्धत परक्यांची आणि ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच शेजाऱ्याला परका. १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. या दरबाराची खासियत अशी की, येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांना तिथे जागा होती, बाप्तिस्मा घेतलेले असोत की न घेतलेले.

न घेतलेले! म्हणजे ज्याच्याकडे दाखला नाही, पण ज्याचे मन तिथे आहे, तो आत. त्या काळात हे बोलणे म्हणजे चर्चच्या पायालाच हात घालणे होते. १९१९ साली टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. आम्हाला वाटते की, त्यांनी विचारलेला प्रश्न दरबारापेक्षा जास्त टिकला.

आणि या टिळकांच्याच घरात काय झाले ते आमच्या भगिनींनी नीट ऐकावे. टिळक ख्रिस्ती झाले ते पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे माहेरच्यांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, पण नवरा ख्रिस्ती म्हणून आपणही ख्रिस्ती, असे त्यांनी केले नाही. एकाच घरात आपले सोवळे पाळत राहिल्या. हे सगळे 'स्मृतिचित्रे'त त्यांनीच लिहिले आहे, हसत हसत लिहिले आहे. मग एक दिवस विचार करता करता त्यांच्या मनातून जातच गळून पडली. माणसाने माणसाला वर-खाली ठेवले आहे, देवाने नव्हे, असे त्यांचे त्यांना उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. आधी जात गेली, बाप्तिस्मा नंतर. टिळकांनी स्वतःच्या मनासाठी जगाशी भांडण केले, पण बायकोच्या मनाची वाट तिने एकटीने काढली. आपल्याकडेही दीक्षा घेतली ती घरातल्या कर्त्या पुरुषाने, आणि देव्हारा गाठोड्यात बांधून नदीत सोडायला लावले ते आजीला. आजीला कोणी विचारले होते काय? आमच्या आजीने ते गाठोडे दोन वर्षे धानाच्या कोठीत लपवून ठेवले होते, हे आम्हाला तिच्या मरणानंतर कळले. पुढे तीच आजी सगळ्यांच्या आधी वंदनेला येऊन बसायची. तिला दोन वर्षे लागली, इतकेच.

चर्चमध्ये सगळे मन मोकळे आणि दार उघडे असे चित्र रंगवले तर ते खोटे होईल. जात तिथेही शिरली. तामिळनाडूत वडक्कनकुलम म्हणून गाव आहे. तिथल्या कॅथलिक चर्चची इमारतच अशी बांधली होती की, दोन जातींचे लोक दोन वेगळ्या दालनांत बसतील आणि एकमेकांना दिसणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पाद्र्याने मधला अडसर काढला, तर सवर्ण ख्रिस्ती कोर्टात गेले! बाबासाहेबांना हे सर्व ठाऊक होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांबद्दल त्यांनी आदर सांगितला आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदाबद्दल तोंडावर सुनावले. पाहुणा म्हणून बोलावले आहे तर गोड बोलावे, ही त्यांची रीत नव्हती. त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात, जो १९८९ साली महाराष्ट्र शासनाने काढला, अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

कॅथलिक चर्चने १९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेत जाहीर केले की, धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करता येणार नाही. भारतातल्या बिशपांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये दलितांविषयी धोरण काढून जातिभेद हे पाप आहे असे लिहून दिले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. किती उशीर! पण कबूल केले, ते लिहून केले. आपल्यातल्या पोटजातींबद्दल आपण काय लिहून दिले आहे? लग्नाच्या वेळी अजून विचारतो ना आपण?

सरकारनेही मनाच्या स्वातंत्र्याला किंमत लावली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे असे ठरले. १९५६ साली शिखांना त्यात घेतले. आपल्याला घेतले १९९० साली. मधली चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतीसाठी आपल्या किती जणांनी दाखल्यावर 'हिंदू' लिहिले आणि घरात पंचशील म्हटले, ते आम्ही सांगायला नको. आमच्याही शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. कागदावर एक, काळजात एक. ते लिहिताना वडिलांचा हात अडखळला होता, तो आम्ही पाहिला आहे. १९९० ला आपली सुटका झाली. दलित ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. त्यांच्या मागणीचा विचार करायला २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. त्यांना सवलती द्याव्या की नाही यावर आपल्यात दोन मते आहेत, वाटा कमी होईल अशी भीती आहे, ती खोटी नाही. पण कागदावर एक आणि काळजात एक लिहिण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार?

आता परत आपल्या विहारात येऊ.

आमच्याशी वाद घालणारे म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय गमतीसाठी? बाईने दोन डगरींवर पाय ठेवला. बरोबर आहे. समितीच्या पदावर जो बसेल त्याने बावीस प्रतिज्ञा पाळल्याच पाहिजेत, यात आमचे दुमत नाही. वंदना कशी घ्यायची, ग्रंथ कोणता वाचायचा, हे विहार ठरवील, प्रत्येकाच्या लहरीने ते बदलणार नाही. परंतु बसायला येणाऱ्याची झडती घ्यायची काय? आणि घ्यायची तर सगळ्यांची घ्या! गणपतीच्या मंडपात रात्र काढणारे आपल्यात किती? नवीन मोटारसायकलला लिंबू-मिरची बांधणारे किती? मुहूर्त काढून लग्न लावणारे किती? त्यांना कोणी म्हटले नाही की, "इकडं कायले?" ती बाई प्रार्थनेला गेली म्हणून तेवढे तिलाच म्हटले. कारण ती बाई, आणि कारण तिने सांगून केले. लपवून केले असते तर चालले असते.

नालंद्याच्या उपाली गृहपतीची कथा मज्झिम निकायात आहे. हा निगंठांचा, म्हणजे जैन साधूंचा मोठा उपासक. बुद्धाशी वाद घालायला आला आणि वादात बुद्धाचे म्हणणे त्याला पटले. म्हणाला, मला उपासक करून घ्या. बुद्ध काय म्हणाले? हार घेऊन पुढे झाले काय? नाही. म्हणाले, तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने नीट विचार करून ठरवावे. आणि उपालीने हट्टच धरला तेव्हा सांगितले की, तुझ्या घरातून निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. आपल्याकडे आलेल्या माणसाला जुन्या लोकांसाठी दार लावू नको असे सांगणारा हा शास्ता! भन्ते बसले आहेत, आमचे काही चुकले असेल तर त्यांनी सांगावे.

बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ साली धर्म सोडण्याची घोषणा केली आणि नागपूरला १९५६ साली दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे. एवढा मोठा नेता, एक हुकूम काढला असता तर लोक त्याच दिवशी त्याच्यामागे गेले असते. १९३६ साली मुंबईत 'मुक्ती कोन पथे' हे भाषण केले, त्याच्या शेवटी त्यांनी बुद्धाने आनंदाला दिलेल्या उपदेशाची आठवण करून दिली की, स्वतःच्या बुद्धीवर विसंबा. १९५४ साली ते आपल्याच भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे होते. पराभूत झाले. त्या वेळी ज्यांनी त्यांना मत दिले त्यांच्या घरात मरीमाय होती, म्हसोबा होता. बाबासाहेबांनी देव्हारा बघून मत मागितले नव्हते.

आम्ही गेल्या महिन्यात त्या बाईंच्या घरी गेलो होतो. चहा दिला. दोन्ही फोटो जागेवर आहेत, खाली उदबत्ती होती. मुलगा तुमसरला कामाला जातो, तब्येत बरी आहे. आम्ही म्हटले, त्या दिवशी आम्ही बोलायला पाहिजे होते, बोललो नाही, ती आमची चूक. बाई म्हणाल्या, "तुमी एकटे थोडेच गप्प होते." आम्ही विचारले, वर्षावासात वाचायला याल काय? त्यांनी उत्तर दिले नाही. एवढेच विचारले की, ग्रंथाची पाने सुटली होती, बाइंडिंग केली की तशीच आहेत?

ती तशीच आहेत. आषाढ पौर्णिमेच्या आधी समितीची बैठक आहे, त्यात वाचनाच्या पाळ्या लागतील. त्या यादीत बाईंचे नाव पूर्वीसारखे लिहावे असा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, होऊ द्या, समोरासमोर बोलू. यायचे की नाही ते बाई ठरवतील. बाइंडिंगचा खर्च आमच्याकडे लागला.

आमचे बोलणे लांबले, जेवणाची वेळ झाली, पंगतीतल्या पोरांचा धीर सुटला आहे. एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम, नमो बुद्धाय.